श्रद्धा कुठून येते आणि का टिकते? आजारपणाच्या वाटेने एक अभ्यास

वर्षावास सुरू झाला की आपल्या विहारांमध्ये संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन सुरू होतं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे हे तीन महिने वाचनाचे, चिंतनाचे. आणि नेमके हेच तीन महिने आपल्या वस्त्यांमध्ये तापाचे, जुलाबाचे, काविळीचे असतात. दिंडोशीच्या डोंगरउतारावर, कुरार, आप्पापाडा, पिंपरीपाडा, संतोषनगर अशा वस्त्यांत पावसाळ्यात एकही गल्ली अशी नसते जिथे कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही. म्हणून या वेळी आरोग्य पानावर आम्ही एक वेगळा पाठ घेतो आहोत.

प्रश्न साधा आहे. पालिकेचा दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असतो. केसपेपर स्वस्त असतो. तरीही लेकराला दोन दिवस ताप राहिला की काही घरांत आधी मीठ-मोहरी ओवाळली जाते, कोणी अंगारा आणतं, कोणी दंडात गंडा बांधतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दवाखाना आठवतो. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरांतही हे घडतं. का घडतं?

‘अडाणीपणा’ असं एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होता येतं. पण ते उत्तर खरं नाही. पदवी घेतलेली माणसंही लिंबू-मिरची टांगतात. जगात असा समाज सापडत नाही, ज्यात कुठल्या ना कुठल्या रूपात दैवी शक्तीवरची श्रद्धा कधीच नव्हती. जी गोष्ट सगळीकडे आहे तिला कारणंही खोल असणार. ती कारणं समजली तर आपण आपल्या आजीशी भांडणार नाही, आणि लेकराचा दवाखानाही चुकवणार नाही.

१. पहिलं कारण : भीती आणि हातात नसलेली गोष्ट

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की नावाचे एक मानववंशशास्त्रज्ञ होऊन गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअँड बेटांवर तिथल्या लोकांमध्ये राहिले. तिथे मासेमारी दोन प्रकारची होती. एक, बेटाच्या आतल्या शांत उथळ पाण्यात. तिथे मासा हमखास मिळे, जिवाला धोका नव्हता. दुसरी, खुल्या समुद्रात. तिथे मासा मिळेल की नाही, माणूस परत येईल की नाही, काहीच सांगता येत नसे. मालिनोव्स्कींना दिसलं की उथळ पाण्यातल्या मासेमारीसाठी ते लोक मंत्रतंत्र करत नव्हते. खुल्या समुद्रात जाताना मात्र विधींची रांग लागे. माणसं तीच, डोकं तेच. फरक फक्त धोक्याचा.

हे समजायला पॅसिफिकपर्यंत जायची गरज नाही. आपल्या मालाडच्याच पश्चिमेला मढ-मार्वेच्या कोळीवाड्यांत पाहा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात आणि मग होड्या पाण्यात उतरतात. कारण समुद्र खवळला तर माणसाचं चालत नाही. दिंडोशीच्या पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथल्या पाड्यांत राहणारे वारली बांधव वाघोबाला पुजतात. ज्या जंगलात रोज लाकूडफाट्याला, पाण्याला जायचं, त्याच जंगलात बिबट्याही राहतो. त्याला हाकलून देता येत नाही. मग त्याच्याशी काहीतरी नातं जोडावं लागतं. वाघोबाची पूजा म्हणजे ते नातं.

भगवान बुद्धांनी ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखली होती. धम्मपदाच्या बुद्ध वर्गात ते सांगतात, की भयाने घेरलेली माणसं डोंगरांना, वनांना, झाडांना, देवस्थानांना शरण जातात. पण तो आसरा सुरक्षित नाही, त्याने दुःखातून सुटका होत नाही. इथे बुद्ध शरण जाणाऱ्याला हिणवत नाहीत. ते आधी कारण सांगतात, भय. मग सांगतात, औषध वेगळं आहे.

आता आजारपणाकडे पाहा. आजारपण हाच गरीब घरातला खुला समुद्र आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाचा ताप उतरेल की नाही, तपासणीला किती पैसे लागतील, हजेरी बुडाली तर भाडं कुठून द्यायचं, यातलं काहीच हातात नसतं. ज्या घरात अनिश्चितता जास्त, त्या घरात गंडा-दोरा जास्त. म्हणून श्रद्धेचा प्रश्न हा फक्त डोक्याचा प्रश्न नाही. तो पाण्याचा, रोजगाराचा आणि दवाखान्याचाही प्रश्न आहे.

२. दुसरं कारण : मन ‘कोणी केलं?’ असं विचारतं

संध्याकाळी जंगलाच्या कडेने येताना गवतात सळसळ झाली तर आपण काय समजतो? वारा असेल, की बिबट्या असेल? बहुतेक वेळा वाराच असतो. पण जो माणूस बिबट्या समजून पळाला त्याचं नुकसान काय? थोडी धाप लागली. जो वारा समजून थांबला आणि खरंच बिबट्या निघाला, तो जिवाला मुकला. लाखो वर्षांत माणसाचं मन यातूनच घडलं. काही हललं की कोणीतरी हलवलं, काही झालं की कोणीतरी केलं, असं मानणं त्याला सुरक्षित वाटतं. म्हणून ताप आला की मन ‘कशामुळे?’ असं न विचारता ‘कोणामुळे?’ असं विचारतं. कोणाची नजर लागली? कोणी करणी केली? कुठला देव कोपला?

‘कोणामुळे’ या प्रश्नाचा एक मोठा तोटा आहे. तो खऱ्या कारणावर पांघरूण घालतो. २०१९ सालच्या जुलै महिन्याची दुसरी तारीख आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. मध्यरात्रीच्या मुसळधार पावसात पिंपरीपाड्याजवळ पालिकेच्या मालाड टेकडी जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली आणि तीसच्या आसपास माणसं गेली. अशा वेळी एक घर राहतं, शेजारचं वाहून जातं. ‘आमच्याच वाट्याला का?’ हा प्रश्न आईच्या तोंडून येतोच, आणि ‘नशीब’ हा शब्द तिला क्षणभर आधारही देतो. पण भिंत नशिबाने पडत नाही. पाण्याचा दाब, निचऱ्याची सोय, बांधकाम, आणि माणसांना अशा जागी घर का बांधावं लागतं, ही तिची कारणं असतात. ‘नशीब’ म्हटलं की हे सगळे प्रश्न गप्प बसतात. दुःखी माणसाला धीर देणारा शब्द आणि जबाबदाराला मोकळं सोडणारा शब्द कधी कधी एकच असतो, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

३. मरीआई : आपल्याच इतिहासातलं उदाहरण

समाज श्रद्धा कशी घडवतो आणि कोणाच्या खांद्यावर ती टिकवतो, हे समजायला मरीआईइतकं बोलकं उदाहरण नाही. पटकी, म्हणजे कॉलरा, पूर्वी गावंच्या गावं रिकामी करायची. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-उलट्यांनी रात्रीपर्यंत संपायचा. कारण कोणालाच माहीत नव्हतं. मग त्या मरणाला एक चेहरा दिला गेला, मरीआई. मुंबईत कुर्ला-साकीनाक्याच्या बाजूला जरीमरी नावाची वस्ती आहे, ते नावही याच देवीचं.

आता गावातली व्यवस्था पाहा. मरीआईचं ठाणं बहुतेक ठिकाणी गावाबाहेर, महारवाड्याजवळ. साथ आली की मरीआईचा गाडा काढायचा आणि गावच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. रेडा मारण्याचं, गाडा ओढण्याचं काम आपल्या पूर्वजांच्या माथी. त्यालाच ‘मान’ म्हणायचं. पोतराजाने अंगावर आसूड ओढून घ्यायचा आणि गावाचं संकट आपल्या अंगावर घेतल्यासारखं दाखवायचं. म्हणजे मरणाची भीती सगळ्या गावाची, पण त्या भीतीशी झुंजण्याचं घाणेरडं काम अस्पृश्यांचं.

याच गावात पाण्याची व्यवस्था काय होती? विहीर गावाची, तळं गावाचं. महारवाड्याला वाट्याला येई ते ओढ्याचं, डबक्याचं, खालच्या अंगाचं पाणी. आज आपल्याला माहीत आहे की पटकी पसरते ती घाण मिसळलेल्या पाण्यातून. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी एका हातपंपाभोवती रोगी किती, हे मोजून ते दाखवलं. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात रोग्यांच्या आतड्यांत आणि तलावाच्या पाण्यात तो जंतू शोधला. म्हणजे ज्या समाजाला स्वच्छ पाणी नाकारलं, त्याच समाजाला पाण्यातून येणाऱ्या रोगाची देवी सांभाळायला दिली. तळं गावाचं, मरीआई महारवाड्याची! १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं ते माणुसकीच्या हक्कासाठी. पण आरोग्याच्या नजरेने पाहिलं तरी त्या दिवसाचं मोल कळतं. मरीआईपासून सुटण्याचा रस्ता पाण्याच्या हक्कातून जात होता.

आणि शेवटी पटकी कशाने हटली? उकळलेल्या पाण्याने, नळाने, गटारांनी, आणि मीठ-साखर-पाण्याने. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती. सलाइनच्या बाटल्या पुरत नव्हत्या. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि थोडा सोडा घातलेलं पाणी पिंपांतून रोग्यांना पाजलं. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. तीच आपली जलसंजीवनी. शतकानुशतकं रेडे कापून जे झालं नाही ते साखर-मिठाने झालं.

देवीच्या रोगाचीही हीच कहाणी. रोगाचं नावच ‘देवी’. अंगावर फोड आले की देवी घरात आली असं मानत. घरात फोडणी द्यायची नाही, बाहेरच्याने यायचं नाही, रोग्याजवळ कडुनिंबाचा पाला ठेवायचा. यातल्या ‘बाहेरच्याने यायचं नाही’ या नियमाने रोग पसरायला थोडा आळा बसतही असेल. श्रद्धेच्या गाठोड्यात अनुभवाचे असे दोन-चार कण असतात, म्हणूनही ती टिकते. पण देवी हटली ती लसीने. हिंदुस्थानातली पहिली देवीची लस १८०२ च्या जून महिन्यात आपल्याच मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रोगी सापडला. १९८० मध्ये जगातूनच हा रोग संपल्याचं जाहीर झालं. माहीमचं शीतलादेवीचं देऊळ आजही उभं आहे, रोग मात्र गेला. जिची भीती होती ती गेली तरी भीतीतून उभी राहिलेली वास्तू राहते. श्रद्धा टिकण्याचं हेही एक कारण, सवय आणि परंपरा.

सवय धोक्याची कधी होते? लेकराला गोवर किंवा कांजिण्या आल्या की अजूनही काही घरांत ‘माता आली’ म्हणतात आणि ‘बाहेर पडू द्या, औषध नको’ असं सांगतात. २०२२ च्या अखेरीस गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. गोवर ही माता नाही. तो लसीने टाळता येणारा रोग आहे.

४. तिसरं कारण : माणूस एकटा जगू शकत नाही

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खिम यांनी १९१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या धर्मावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसं एकत्र जमतात, एकत्र गातात, नाचतात, तेव्हा प्रत्येकाला आपल्याहून मोठं काहीतरी जाणवतं. ते मोठं म्हणजे समाजच. त्यालाच माणसं देवाचं नाव देतात. त्यांचं सगळं मान्य करा किंवा करू नका, पण अनुभव आपल्यालाही आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत रात्रभर उभं राहिलेल्या माणसाला विचारा. पाय दुखतात, पण मन भरतं. १४ एप्रिलला वस्तीत निळे झेंडे लागतात तेव्हा वर्षभर वाकलेली मान सरळ होते.

हे आपल्या जवळच्या कान्हेरीच्या लेण्यांतही दिसतं. बोरिवलीच्या त्या डोंगरात शंभराहून जास्त लेणी आहेत. त्यांच्या शेजारी दगडात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी, गृहस्थांनी आणि स्त्रियांनीही दान देऊन ही लेणी आणि ही टाकी खोदून घेतली. म्हणजे धम्म तिथे शेकडो वर्षं टिकला तो केवळ उपदेशाने नाही. पिण्याच्या पाण्याची सोय आणि लोकांचं दान यांनी तो टिकवला.

आरोग्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? एकटेपणा शरीरालाही पोखरतो. नवरा गेलेली बाई, मुलगा गमावलेला बाप, गावाकडून आलेली म्हातारी आई, यांना रविवारच्या वंदनेत जी चार माणसं भेटतात ते त्यांचं औषधच आहे. हे औषध आपल्या विहारात मिळालं नाही तर माणूस ते दुसरीकडे शोधतो. बाबाच्या दरबारात गर्दी का होते? तिथे कोणीतरी तासभर ऐकून घेतं, नावाने हाक मारतं, डोक्यावर हात ठेवतं. घरात कोणी विचारत नाही अशा सुनेच्या ‘अंगात येतं’ तेव्हा पहिल्यांदा सगळं घर तिच्यापुढे हात जोडतं. तिचं दुःख खरं असतं. त्या दुःखाला बोलायला दुसरी भाषा मिळालेली नसते.

५. चौथं कारण : ‘आम्हाला गुण आला’

हे कारण सगळ्यात फसवं आहे, म्हणून नीट समजून घेऊ.

काविळीचं बघा. माळ घातली, हात चुन्याच्या पाण्यात धुतले, पाणी पिवळं झालं, कावीळ उतरली. दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ विश्रांती आणि पथ्याने काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. माळ घातली नसती तरी झाली असती. पण श्रेय माळेला जातं. आणि दहांतल्या एखाद्याची कावीळ साधी नसते. कधी ती लेप्टोची असते, कधी गरोदर बाईची जिवावरची असते. माळेवर विसंबलं तर ती माणसं हातची जातात.

सापाचं बघा. जंगलाच्या कडेला आपल्या वस्त्या, साप निघणारच. बहुतेक साप बिनविषारी असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे विषारी सापसुद्धा प्रत्येक दंशात विष सोडतातच असं नाही. मग मांत्रिकाकडे नेलेली पुष्कळ माणसं वाचतात आणि मांत्रिकाचं नाव होतं. ज्याला खरंच विष चढलं होतं तो मेला, त्याच्याबद्दल ‘उशीर झाला’ किंवा ‘आयुष्य तेवढंच होतं’ असं म्हटलं जातं. वाचलेला माणूस गावभर सांगत फिरतो. मेलेला सांगायला येत नाही. त्यामुळे आपल्या कानावर फक्त गुण आल्याच्या गोष्टी येतात.

तापाचंही तेच. विषाणूचा ताप चार-पाच दिवसांत उतरतो. माणूस बाबाकडे जातो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आजार शिगेला पोहोचल्यावर. म्हणजे उतरायची वेळ आणि अंगाऱ्याची वेळ एकच येते. शिवाय बरेच जण गोळ्याही घेतात आणि अंगाराही लावतात. गोळीने काम केलं, नाव अंगाऱ्याचं झालं.

यावर उपाय एकच, मोजणं आणि तपासणं. केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी हेच सांगितलं होतं, की परंपरा आहे म्हणून, कानावर आलं म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखा, हिताचं ठरलं तर स्वीकारा. डॉक्टरांच्या बाबतीतही हेच लागू आहे. गोळी कशाची, किती दिवस, तपासणीत काय निघालं, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

६. बाबासाहेबांनी काय सांगितलं?

बाबासाहेबांनी धर्माच्या उगमाचा अभ्यास केला होता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धर्म म्हणजे काय याची चर्चा करताना ते सांगतात, की धर्म या शब्दाला एकच ठरलेला अर्थ नाही, कारण धर्म अनेक टप्प्यांतून गेला आहे. वीज, पाऊस, पूर यांचं कारण आदिमानवाला कळत नव्हतं, म्हणून सुरुवातीला धर्म म्हणजे जादू होती. मग श्रद्धा, कर्मकांड, प्रार्थना, बळी हे धर्म झाले. पुढे या सगळ्यामागे एक शक्ती आहे असं मानलं गेलं, आणि त्यातून ईश्वर आणि आत्मा आले. ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’ या लिखाणात त्यांनी आणखी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे. आदिम समाजाचा धर्म जन्म, लग्न, आजार, मृत्यू अशा जीवनातल्या आणीबाणीच्या प्रसंगांभोवती उभा होता. जीवन आणि त्याचं रक्षण हाच त्या धर्माचा गाभा.

म्हणजे आरोग्य ही धर्माच्या कडेची गोष्ट नाही. धर्म जिथून सुरू झाला ती गोष्टच जीव वाचवण्याची आहे. म्हणून आपण असं म्हणू शकतो, की जी श्रद्धा लेकराला दवाखान्यात पोहोचू देत नाही, ती आपल्याच मूळ हेतूच्या उलट वागते.

पण बाबासाहेब ‘धर्म नको’ असं म्हणून थांबले नाहीत, हेही तितकंच महत्त्वाचं. त्यांनी मांडलं, की समाजाला नीतीशिवाय चालत नाही. धम्म नसेल तर एक तर अनागोंदी येते, नाही तर पोलिसी हुकूमशाही. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी आपल्याला जुनं सोडायला लावलं आणि रिकाम्या हाती ठेवलं नाही. बावीस प्रतिज्ञा दिल्या. जुने देव, श्राद्ध, पिंडदान सोडायचं. त्याच वेळी पंचशील पाळायचं, अष्टांगिक मार्गाने चालायचं, प्राणिमात्रांवर दया करायची, दारू सोडायची. भीतीची जागा शीलाने आणि करुणेने भरायची.

या करुणेचा आरोग्याचा धडा विनयपिटकात आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता, आपल्याच घाणीत पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदाने धुतलं, दोघांनी त्याला उचलून मंचावर ठेवलं. मग भिक्खूंना सांगितलं, की तुम्हाला इथे आईवडील नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिलं नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. मंत्र नाही, अंगारा नाही, पाणी आणि हात. सावित्रीमाईंनीही तेच केलं. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

७. घरात काय करायचं?

आजी, मावशी, काकू यांना हसू नका. ‘तुझं खोटं आहे’ असं म्हटलं की त्या गप्प होतात आणि पुढच्या वेळी लपवून करतात. त्यांना सांगा, ‘आजी, तुझी माया आम्हाला कळते. पण चल, आधी दवाखान्यात जाऊ. तूच त्याला मांडीवर घेऊन बस.’ मायेला काम द्या, म्हणजे ती आडवी येत नाही.

ताप : पावसाळ्यात अंगावर ताप काढू नका. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन रक्त तपासा. साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवा, लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्टर गोळी देतात. पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं ही धोक्याची लक्षणं.

जुलाब : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजत राहा. लेकरू सुस्त झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली तर लगेच रुग्णालय.

कावीळ : माळ नको. रक्त तपासा. सोबत ताप असेल, बाई गरोदर असेल, किंवा माणूस बरळत असेल तर एक तासही घालवू नका.

सर्पदंश : कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. माणसाला धीर द्या, हातपाय हलवू देऊ नका, १०८ ला फोन करा. सापाच्या विषावर एकच औषध आहे, प्रतिविष. ते रुग्णालयातच मिळतं. आपल्या परळच्या हाफकिनमध्ये ते तयारही होतं.

गोवर : लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत. गोवर आलाच तर जीवनसत्त्व ‘अ’चे डोस डॉक्टरांकडून घ्या.

खोकला : दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, यासाठी थुंकीची तपासणी. क्षयरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. साधारण सहा महिने एकही दिवस न चुकता घ्यायचं. उपचार चालू असताना आहारासाठी महिना १००० रुपयेही मिळतात.

मन : झोप लागत नाही, आवाज ऐकू येतात, अंगात येतं, जीव नकोसा वाटतो, तर दरबार नको. १४४१६ या टेली मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. घरातल्यांनी आधी त्या बाईचं म्हणणं ऐकावं.

कायदाही आपल्या बाजूला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्र-गंडे करणं हा त्यात गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हाही गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद होऊ शकते.

आणि विहाराने काय करायचं? वर्षावासाच्या वाचनानंतर दहा मिनिटं आरोग्यासाठी ठेवा. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे विचारा. ज्याच्याबरोबर रुग्णालयात जायला कोणी नाही, त्याच्याबरोबर दोघांनी जा. क्षयरोगाच्या रोग्याला रोज गोळीची आठवण करून देणारा एक उपासक नेमा. माणसाला भीतीच्या वेळी आधार लागतो, हे आपण वर पाहिलं. तो आधार विहाराने दिला, तर गंड्याची जागा आपोआप रिकामी होईल.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात आजारपणात पहिली धाव कुठे असते? तो निर्णय कोण घेतं?

२. आपल्या गल्लीत ‘गुण आला’ म्हणून सांगितली जाणारी एक गोष्ट घ्या. तो आजार आपोआप बरा होणारा होता का?

३. आपल्या गावाकडे मरीआईचं ठाणं कुठे होतं आणि पिण्याच्या पाण्याची विहीर कुठे? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून या.

४. मृत्यू झालेल्या घरात आपण पहिल्या दिवशी जातो. पुढच्या महिन्यात कितीजण जातात?

किसागोतमी मेलेलं बाळ घेऊन बुद्धांकडे आली तेव्हा त्यांनी तिला खोटी आशा दिली नाही आणि झिडकारलंही नाही. ज्या घरात कोणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितलं. ती दारोदार फिरली. प्रत्येक घरात तिला आपल्यासारखंच दुःखी माणूस भेटलं, आणि तिला खरं काय ते कळलं. सत्य सांगायचं, पण माणसाला माणसांमध्ये नेऊन सांगायचं. आपल्या वस्तीत, आपल्या घरात, आपण हीच रीत ठेवू या.

जय भीम. नमो बुद्धाय.